रेड लाइट वाँड चेहऱ्यावर: किती वेळ, कुठे, आणि वांग असेल तर?

केतकी_ऐरोली

नमस्कार. हातात धरून चेहऱ्यावर वापरायचा रेड लाइट वाँड (लाल उजेड देणारी छोटी कांडी) ऑनलाइन मागवला आहे. डबा उघडलाय, पण चेहऱ्याला अजून लावलेला नाही. आधी नीट समजून घ्यायचंय.

वाँड टी आकाराचा आहे. पुढच्या डोक्याची काच ४ सेमी लांब, दीड सेमी रुंद. डब्यावर ६३० आणि ८३० नॅनोमीटर, बॅटरी ३.७ व्होल्ट ३०० एमएएच, 'एका चार्जवर ६० मिनिटं', '२०० मिलिवॅट प्रति चौ. सेमी' आणि 'एफडीए रजिस्टर्ड' असं छापलंय. हँडलवर धातूची पट्टी आहे, त्वचेला टेकवल्याशिवाय दिवे लागत नाहीत. सुरू झाला की थरथरतो आणि डोकं गरम होतं. माहितीपत्रकात लिहिलंय की चेहऱ्याच्या प्रत्येक भागावर ३ मिनिटं, खालून वर सावकाश फिरवत राहा.

वय ४१, रंग गव्हाळ-सावळा. डोळ्यांच्या कडांना बारीक रेघा, नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतच्या घड्या, आणि दोन्ही गालांच्या उंचवट्यावर वांग. रात्री ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के (अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं, त्वचेला लावायचं औषध) चालू आहे. रोज ऐरोली-ठाणे जाणंयेणं, त्यामुळे ऊन टळत नाही.

प्रश्न असे: खरंच फिरवत राहायचं का? किती मिनिटं, आठवड्यातून किती वेळा? वांगावर चालेल का? आणि ट्रेटिनॉइन आधी की नंतर?

नौपाडेकर

आधी त्या २०० मिलिवॅटचा हिशेब करू, कारण 'किती मिनिटं' हे त्यावरच ठरतं.

३.७ व्होल्ट, ३०० एमएएच म्हणजे साधारण १.१ वॉट-तास. ती तासभर पुरते, म्हणजे यंत्र सरासरी १.१ वॉट खातं. त्यातून मोटर आणि गरम होणाऱ्या डोक्याचा वाटा काढा. लाल एलईडीला २ व्होल्टच्या आसपास पुरतात, आणि साध्या सर्किटमध्ये वरचे दीड-पावणेदोन व्होल्ट रेझिस्टरमध्ये नुसती उष्णता होऊन जातात. एलईडीपर्यंत जेवढी वीज पोचते तिचाही तिसरा हिस्सा, फार तर चाळीस टक्के, प्रकाश होतो. उदार हाताने धरलं तरी बाहेर पडणारा प्रकाश ०.१५ वॉटच्या घरात राहतो. डोकं ४ गुणिले १.५, म्हणजे ६ चौ. सेमी. भागाकार करा: चौ. सेमीला २५ मिलिवॅट. २०० चा दावा खरा ठरायला याच डोक्यातून १.२ वॉट प्रकाश यायला हवा, म्हणजे बॅटरी देते त्या सगळ्या विजेपेक्षाही जास्त. तो आकडा शक्यच नाही. तरी २५ वाईट नाहीत, नीट वापरलं तर पुरतात.

आता मात्रा. मिलिवॅट गुणिले सेकंद भागिले १००० केलं की चौ. सेमीला किती ज्यूल मिळाले ते कळतं. घरच्या वापराला एका जागी ३ ते १० ज्यूल धरून चाला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन चाचणीत १३६ जण होते. त्यातल्या उपचार घेतलेल्यांना आठवड्यातून दोनदा, एकूण ३० वेळा, दर वेळी साधारण ९ ज्यूल दिले होते, आणि त्वचेचा खडबडीतपणा व कोलेजनची घनता दोन्हींत सुधारणा दिसली. ती मोठ्या दिव्यांच्या बेडवर झाली होती, वाँडवर नव्हे, म्हणून निकाल जसाच्या तसा उचलू नका. मात्रेचा अंदाज मात्र येतो.

वाँड एका जागी टेकवून ३ मिनिटं न हलवता धरला तर २५ × १८० भागिले १००० = ४.५ ज्यूल. चांगलं. तोच वाँड ३ मिनिटं एका गालावर फिरवत राहिलात, आणि गाल साधारण ६० चौ. सेमीचा धरला, तर एकूण २७ ज्यूल ६० चौ. सेमीवर पसरतात. प्रत्येक जागेला मिळतात ०.४५. दहावा हिस्सा. वाँड वापरून 'काहीच फरक पडला नाही' म्हणणाऱ्या बहुतेकांचं इथेच चुकतं. माहितीपत्रकातलं फिरवणं मसाज म्हणून ठीक आहे, पण प्रकाशाचा डोस त्यातून मिळत नाही.

पूर्ण चेहरा सुमारे ३०० चौ. सेमी धरा. ६-६ चौ. सेमीच्या ५० जागा झाल्या, प्रत्येकी ३ मिनिटं म्हणजे अडीच तास. ते कोणी करू नये. पूर्ण चेहऱ्यासाठी मास्क किंवा पॅनल लागतं. वाँड हे चार-पाच नेमक्या जागांचं हत्यार आहे.

तुमच्या बाबतीत: दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या कडा, दोन्ही घड्या आणि भुवयांच्या मधली जागा. ५ जागा, १५ मिनिटं, आठवड्यातून ४ ते ५ वेळा. काच त्वचेला सपाट टेकलेली हवी. दोन सेमी वर धरलात तर उजेड आजूबाजूला सांडतो. आणि ३ मिनिटांच्या जागी १५ मिनिटं धरल्याने पाचपट फायदा होत नाही. या प्रकाशाचा परिणाम एका मर्यादेपर्यंत वाढतो आणि पुढे कमी होत जातो, पेशींवरच्या प्रयोगांत हे वारंवार दिसलंय.

६३० नॅनोमीटर म्हणजे लाल उजेड, ८३० म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारा इन्फ्रारेड. ८३० खरंच आहे का ते मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बघा. डोळ्यांना मंद किंवा बंद वाटणारे काही एलईडी कॅमेऱ्यात पांढरट-जांभळे चमकले तर इन्फ्रारेड आहे. सगळे एकसारखे लालच दिसले तर दुसऱ्या एखाद्या फोनने पुन्हा बघा, कारण काही कॅमेऱ्यांत इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो. आणि सौरऊर्जेचा मीटर लावून मोजलेले जे आकडे व्हिडिओंत दाखवतात त्यांच्यावर जाऊ नका. तो मीटर सूर्यप्रकाशाच्या मिश्रणावर बेतलेला असतो, नुसत्या लाल उजेडाला तो बराच जास्त आकडा दाखवतो.

शेवंती

नौपाडेकरांनी वेळेचं सांगितलं, मी त्वचेचं सांगते.

वांगाबाबत दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, उजेड आणि ऊब. नुसता लाल उजेड वांग काळवंडवतो असं दिसत नाही. २०१४ च्याच एका अभ्यासात ४१५ नॅनोमीटरच्या निळ्या-जांभळ्या उजेडाने गव्हाळ त्वचेवर आठवडे टिकणारे डाग उठले, ६३० च्या लाल उजेडाने उठले नाहीत. सावळ्या त्वचेवर लाल एलईडीची सुरक्षितता तपासलेली आहे, आणि तिथे ३२० ज्यूलपर्यंतची मात्रा सहन झाली होती. तुम्ही ४-५ ज्यूल वापरणार, त्यामुळे उजेडाची धास्ती नको. ऊब मात्र वांगाची वैरीण आहे. स्वयंपाकघरात गॅससमोर तासन् तास उभं राहणाऱ्यांचं वांग सनस्क्रीन लावूनही उतरत नाही, त्यात उष्णतेचा वाटा मोठा असतो.

म्हणून या वाँडची ऊब आधी तपासा. डोकं मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून ३ मिनिटं चालू ठेवा आणि लगेच तापाच्या डिजिटल थर्मामीटरचं टोक काचेला लावा. १०४ फॅरनहाइटच्या वर गेलं तर ऊब बंद केल्याशिवाय हा वाँड तुमच्या चेहऱ्याला लावू नका. १०० च्या आत राहिलं तर हरकत नाही. मधल्या आकड्यांना ३ मिनिटं सलग न धरता दीड-दीड मिनिटाच्या दोन फेऱ्या करा, मधे काच गार होऊ द्या. डोस तेवढाच पडतो.

वांगाच्या डागांवर वाँड ठेवूच नका, कडेला एक बोट अंतर सोडा. घडीवर ठेवताना डाग त्या अंतरात येत असेल तर त्या बाजूची घडी सोडून द्या. आणि वाँडला निळा मोड असला तर तो कायमचा विसरा. 'मुरमांवर निळा' हे बरोबर आहे, तो मुरमांच्या जंतूंना मारतो, पण वांग असलेल्या चेहऱ्यासाठी तो सौदा परवडत नाही.

सुरुवात चेहऱ्यावर नको. कानाखाली, जबड्याच्या हाडामागे ३ मिनिटं, एक दिवसाआड तीनदा. लाली तासा-दोन तासांत गेली आणि आठवड्यात रंग गडद झाला नाही तर पुढे जा.

रोजची पद्धत: साध्या फेसवॉशने तोंड धुऊन पूर्ण कोरडं करा. सनस्क्रीन, फाउंडेशन, कॉम्पॅक्ट काही राहता कामा नये. झिंक ऑक्साइड आणि टिटॅनियम डायऑक्साइड उजेड परतवतात, टिंटेड (त्वचेच्या रंगाची छटा असलेल्या) क्रीममधलं आयर्न ऑक्साइड तो शोषतं. तेलही नको. डोळ्यांच्या कडेला लावताना वाँड कडेच्या हाडावर हवा, पापणीवर नाही. डोळे मिटून पुरत नाही, लाल उजेड पापणीतून आत जातो, आणि ८३० चा उजेड जेमतेम दिसत असल्याने डोळा आपणहून मिटतही नाही. एलईडी उपचारासाठी मिळणारे अपारदर्शक गॉगल लावा. डोळ्याच्या कडेला ते आड येत असतील तर त्या बाजूला स्वच्छ काळ्या कापडाची जाड घडी डोळ्यावर दाबून धरा. पडद्याचा आजार असेल तर आधी नेत्रतज्ज्ञांना विचारा.

ट्रेटिनॉइन नेहमी नंतर. उजेड झाला, चेहऱ्याची ऊब गेली, त्वचा कोरडी असली की वाटाण्याएवढं. ते लावून वर वाँड फिरवायचा नाही. हँडलवर धातूची पट्टी आहे म्हणजे बहुधा गॅल्व्हॅनिक करंट (त्वचेतून जाणारा सौम्य वीजप्रवाह) आहे, त्याने औषध जास्त आत ढकललं जातं आणि सालं निघतात. ट्रेटिनॉइनने आत्ताच आग होत असेल तर एक रात्र औषध, एक रात्र उजेड अशी विभागणी करा.

सकाळी टिंटेड सनस्क्रीन घ्या, साधं नको. वांगाला दिसणारा उजेडही त्रास देतो आणि तो अडवायला आयर्न ऑक्साइड लागतं. दोन बोटं भरून चेहरा-मानेला, दुपारी पुन्हा. ट्रान्स-हार्बर लोकलच्या खिडकीतून येणारं ऊनही धरा. खरं सांगायचं तर तुमच्या वांगाला या सनस्क्रीनने जेवढा फायदा होईल तेवढा कोणत्याही वाँडने होणार नाही.

वाशी_सेक्टर१७

डब्याबद्दल. 'एफडीए रजिस्टर्ड' म्हणजे कारखान्याने अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाकडे (एफडीए) नाव नोंदवलंय एवढंच. त्यांनी वस्तू तपासली असा त्याचा अर्थ नाही. 'क्लिअर्ड' (विक्रीला मंजुरी मिळालेलं) असेल तर के या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा सहा आकडी क्रमांक असतो, तो एफडीएच्या संकेतस्थळावर ५१०(के), म्हणजे विक्रीपूर्व मंजुरीच्या यादीत टाकून बघता येतो. सुरकुत्यांसाठी घरी वापरायच्या दिव्यांचा प्रॉडक्ट कोड 'ओएचएस', मुरमांसाठीचा 'ओएलपी'. विक्रेत्याकडे क्रमांक मागा. दिला तर त्या नोंदीतलं कंपनीचं आणि मॉडेलचं नाव डब्याशी जुळतंय का बघा. दुसऱ्याचाच क्रमांक छापलेले डबेही असतात.

वस्तू बाहेरून आलेली असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, एमआरपी, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क हे डब्यावर असायलाच हवं. नसेल तर परतीची मुदत आहे तोवर परत करा. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीतही बोलता येतं. तक्रारीला डब्याच्या सहाही बाजूंचे फोटो आणि बिल जोडा.

कोपरी_केमिस्ट

औषधांचं राहिलं.

डॉक्सिसायक्लिन, आयसोट्रेटिनॉइन, रक्तदाबाच्या गोळ्यांतली थायाझाइड, हृदयासाठीचं अमिओडॅरोन यांनी त्वचा उजेडाला हळवी होते. बहुतेकांचा त्रास अतिनील किरणांशी जोडलेला आहे, तरी वाँड सुरू करण्याआधी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. ल्युपस किंवा पॉर्फिरिया (उजेडाने बळावणारे आजार) असेल तर हे यंत्र घरी नकोच. पॉर्फिरियात लाल उजेडही त्रास देऊ शकतो.

गॅल्व्हॅनिक किंवा ईएमएस (स्नायूंना चाळवणारा) करंट असलेला वाँड पेसमेकर, फिट्स, गरोदरपण यांत वापरू नये. जबड्यात धातूची प्लेट किंवा दातांना तारा असतील तर त्या भागावर नको. नुसत्या एलईडीला ही अडचण नाही, अडचण करंटची आहे. बोटॉक्स किंवा फिलर नुकतंच घेतलं असेल तर थरथरणारं डोकं त्या जागी दाबू नका, किती दिवस थांबायचं ते करणाऱ्या डॉक्टरांनीच सांगावं. रंग किंवा आकार बदलणाऱ्या तिळावर तर कोणताच दिवा नको, तो आधी दाखवून घ्या.

आणि ताई, एक थेट विचारतो. वांगासाठी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड अशा तिघांचं मिश्रण असलेलं क्रीम चालू आहे का, किंवा मागच्या वर्षभरात लावलं होतं का? ट्यूबवर मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन असं काही असेल तर ते स्टेरॉइड. ही क्रीमं चिठ्ठीशिवाय हातोहात विकली जातात आणि लोक महिनोन् महिने लावतात. त्याने त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसतात, ऊब लागली की आग होते. अशा चेहऱ्यावर गरम वाँड टेकवला की भडका उडतो आणि दोष दिव्याला जातो. तसं असेल तर क्रीम एकदम थांबवू नका, वाँड बाजूला ठेवा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. खासगीचा खर्च नको असेल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात दाखवा. जाताना सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या, नावं तोंडी सांगण्यात गल्लत होते.

केतकी_ऐरोली

सगळ्यांचे आभार. स्टेरॉइडचं क्रीम नाही, फक्त ट्रेटिनॉइन, तेही डॉक्टरांनीच दिलेलं. थर्मामीटरने पाहिलं, १०२ आलं. ऊब बंद करायचं बटण नाही. सेल्फी कॅमेऱ्यात डोक्यातले ४ एलईडी जांभळट चमकतात, बाकीचे लाल.

तीन शंका. एका जागी धरला की मधेच दिवे विझतात, जरा हलवला की लागतात. हे कशाने? जेल लावायचं का, कोणतं? आणि फोनच्या चार्जरला लावला तर चार्जच होत नाही, लॅपटॉपच्या जुन्या चौकोनी पोर्टला लावला तर होतो.

नौपाडेकर

दिवे विझतात कारण करंटचं वर्तुळ तुटतं. धातूची पट्टी, तुमचा हात, चेहरा आणि वाँडचं डोकं असा तो मार्ग आहे. यातलं काही कोरडं झालं की यंत्राला वाटतं तुम्ही ते खाली ठेवलं. तळहात किंचित ओला करून पट्टीवर घट्ट ठेवा आणि काचेच्या कडेची धातूची किनार पूर्ण टेकू द्या. वर प्लास्टिक फिल्म गुंडाळायचा सल्ला मिळाला तर ऐकू नका, मग वर्तुळ पूर्णच होणार नाही. घड्याळ मोबाइलवर लावा आणि विझलेले सेकंद धरू नका.

चार्जिंगचं कारण वेगळं. तुमच्या फोनच्या चार्जरला दोन्हीकडे सी पिनची केबल असणार. समोरच्या यंत्रात ठरावीक रेझिस्टर दिसल्याशिवाय असा चार्जर वीज सोडतच नाही, आणि स्वस्त वाँडमध्ये ते बसवलेले नसतात. यंत्र बिघडलेलं नाही. एका टोकाला चौकोनी पिन असलेली केबल आणि जुना ५ व्होल्ट १ अँपिअरचा चार्जर वापरा. चार्जिंग चालू असताना चेहऱ्याला लावू नका.

शेवंती

१०२ आहे, तर दीड मिनिटाच्या दोन फेऱ्या. आधी पाचही जागांची पहिली फेरी, मग त्याच क्रमाने दुसरी. म्हणजे प्रत्येक जागा मधे आपोआप गार होते, काच मात्र मधे थांबून गार होऊ द्यायची. आणि चार आठवडे वांगाकडे लक्ष ठेवा. डागाची कड गडद झाली किंवा नवा ठिपका उठला तर बंद, आणि परतीची मुदत उरली असेल तर ऊब नसलेला वाँड घ्या. खरं तर बटण नाही हे एवढंच कारण परत करायला पुरेसं आहे, मी असते तर हा ठेवून घ्यायला सांगितलं नसतं.

जेल पातळ, पारदर्शक, पाण्याचं. मेडिकलच्या दुकानात मिळणारं सोनोग्राफीचं जेल सगळ्यात साधं आणि वास नसलेलं, एका जागेला थेंबभर. रंगीत कोरफड जेल नको. सिरम म्हणून व्हिटॅमिन सी, ग्लायकोलिक वगैरे करंटखाली लावायचंच नाही.

फोटो दर चार आठवड्यांनी, सकाळी त्याच खिडकीशी, तेच अंतर, फ्लॅश आणि ब्यूटी फिल्टर बंद, चेहरा निवांत. रेघांमधला फरक ८ ते १२ आठवड्यांआधी शोधू नका. बारीक रेघा थोड्या मऊ होतील. नाकापासूनच्या खोल घड्या याने भरत नाहीत, त्या चरबी आणि स्नायूंच्या जागा बदलल्याने पडतात, तिथे कातडीचा पोत सुधारला तरी पुष्कळ. बारा आठवड्यांनी फोटोत फरक असेल तर आठवड्यातून दोनदा पुरे. नसेल तर १५ मिनिटं झोपेला द्या.

नौपाडेकर

साफसफाईबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. डोक्यावरची 'काच' बहुतेक ॲक्रिलिक असते. स्पिरिट किंवा सॅनिटायझरने पुसत राहिलात तर तिच्यावर केसासारख्या भेगा पडतात आणि उजेड अडतो. किंचित साबणाच्या पाण्यात पिळलेल्या मऊ कापडाने पुसा, मग ओल्या, मग कोरड्या. धातूच्या किनारीवर जेल वाळू देऊ नका, पावसाळ्यात इथल्या हवेत आठवडाभरात हिरवट थर चढतो आणि दिवे पुन्हा विझू लागतात. जून ते सप्टेंबर बाथरूमच्या फळीवर न ठेवता झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून ठेवा. महिनाभर वापरणार नसाल तर बॅटरी अर्धी भरून ठेवा, पूर्ण रिकामी ठेवली तर ती पुन्हा चार्ज घेईलच असं नाही.